मूल घरी येण्याआधीची शाळा : प्रतिपालक होण्यासाठी काय काय शिकून घ्यावं लागतं

‘ट्रेनिंग किती दिवसांचं असतं?’

फॉस्टर केअरची, म्हणजे प्रतिपालकत्वाची चौकशी करायला आलेली जोडपी हा प्रश्न खुर्चीतून उठता उठता विचारतात. त्याआधी मुलाचं वय, मुलगा की मुलगी, ‘पुढे दत्तक घेता येईल का’ हे सगळं विचारून झालेलं असतं. समुपदेशक म्हणून माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा थोडा हिरमोड होतो. दिवस कायद्यात लिहिलेले नाहीत. तुम्ही मागाल, धरून बसाल, तेवढं प्रशिक्षण मिळेल. मागितलं नाहीत तर एका दुपारच्या बोलण्यावर भागेल, आणि काय शिकायचं राहिलं ते चौथ्या महिन्यात कळेल.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचं कलम ४४ प्रतिपालकत्वाबद्दल आहे. कुटुंब निवडताना त्याची पात्रता, हेतू, क्षमता आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव पाहावा, असं ते सांगतं. मुलाचं शिक्षण, आरोग्य, पोषण ही जबाबदारी कुटुंबावर टाकतं. प्रशिक्षण इतके तास झालंच पाहिजे, असं मात्र त्यात कुठे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मान्यता मिळण्याआधी किमान १२ तास आणि पुढे दर वर्षी ८ तास प्रशिक्षण घ्यावं लागतं. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र वेगळं. इंग्लंडमध्ये निवडीच्या काळातच तयारीचा वर्ग होतो आणि मान्यतेनंतर १२ महिन्यांत सात ठरलेल्या मानकांवर ‘मला हे येतं’ असं पुराव्यासह दाखवावं लागतं. नात्यातलं मूल सांभाळणाऱ्यांना त्यासाठी १८ महिने मिळतात. आपल्याकडे हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या माणसांवर आहे, आणि त्या माणसांकडे त्याच आठवड्यात बालविवाह थांबवायचा असतो, बालगृहाची तपासणी असते, हरवलेल्या मुलाचं घर शोधायचं असतं. म्हणून पुढची मांडणी कायद्यातली अट आणि माझा सल्ला, दोन्ही धरून केली आहे. कोणतं काय ते जिथल्या तिथे सांगते.

पायरी पहिली : आपण नेमकं काय मागतोय?

निम्मी गल्लत इथेच होते. दत्तक घेतलं की मूल कायद्याने तुमचं होतं. नाव, वारसा, सगळं. प्रतिपालकत्वात मूल बाल कल्याण समितीच्या (काळजीची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या कायदेशीर समितीच्या) आदेशाने काही काळासाठी तुमच्या घरी राहतं. हा काळ एक वर्षापर्यंतचा असेल तर अल्पकालीन, त्यापुढचा दीर्घकालीन; लांबला तरी मुलाला १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. मुलाचे आईवडील असू शकतात. आजारी असतील, तुरुंगात असतील, व्यसनात असतील किंवा समितीने त्यांना सध्या असमर्थ ठरवलं असेल. ते मुलाला भेटायला येऊ शकतात; कलम ४४ मध्येच तशी तरतूद आहे. उद्या ते सावरले तर मूल परत जाईल. असं परत जाणं म्हणजे व्यवस्था बरोबर चालली.

तिसरी गोष्ट, महाराष्ट्रातली क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. तिच्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. बहुतेक वेळा मूल स्वतःच्या एका पालकाकडे किंवा नातेवाइकांकडेच असतं आणि मदत त्या घराला जाते. अनेक जण ‘बालसंगोपनचा फॉर्म’ मागायला येतात आणि त्यांना हवं असतं प्रतिपालकत्व, उलटंही होतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. हा पैसा ठरल्या तारखेला येईल असं धरून घरखर्चाचं गणित बसवू नका.

केंद्राने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या. त्याआधी फक्त विवाहित जोडप्यांनाच अर्ज करता येत होता. आता अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित व्यक्तीही करू शकते. एकट्या स्त्रीकडे मुलगा किंवा मुलगी कोणीही येऊ शकतं, एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं, स्थिर असावं. पूर्वी पाच वर्षं सांभाळल्यावर दत्तकाचा विचार व्हायचा, तो काळ दोन वर्षांवर आला. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. वयाच्या अटी मुलाच्या वयोगटाप्रमाणे बदलतात, त्या नोंदणी करतानाच नीट वाचून घ्या.

पाच वर्षांचे दोन झाल्यापासून ‘दत्तकाची रांग मोठी आहे, मग या दाराने जाऊ’ असा विचार करून येणारे वाढलेत. माझं मत स्पष्ट आहे. मनात फक्त दत्तक असेल तर दत्तकाच्याच रांगेत उभे राहा. ज्या मुलाची आई महिन्यातून एकदा भेटायला येते, त्या मुलाच्या घरात ‘ती बरी होऊ नये’ असं मनातल्या मनात म्हणणारं माणूस असणं त्या मुलाला परवडत नाही.

पायरी दुसरी : गृहभेटीलाच पहिला तास समजा

अर्जानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येतो आणि गृह अध्ययन अहवाल तयार करतो. ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, उत्पन्न, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी, ओळखीच्या दोन माणसांचे संदर्भ हे कागद तयार ठेवा. त्यानंतर प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीसमोर नाव जातं आणि शेवटचा आदेश बाल कल्याण समिती देते.

गृहभेटीच्या दिवशी लोक पडदे बदलतात, चिवडा-लाडू काढतात. त्याची काही गरज नसते. आम्ही बघतो ते वेगळंच : मूल झोपणार कुठे, संडासाला आतून कडी आहे का, घरातली म्हातारी माणसं या बेताबद्दल काय म्हणतात, आणि नवरा-बायकोपैकी एकच जण बोलतो का. तुम्हाला लहानपणी मार बसायचा का, हा प्रश्न विचारला की पुष्कळ जण हसून सांगतात, ‘भरपूर, म्हणून तर सरळ झालो.’ या वाक्यावर पुढे तासभर बोलावं लागतं. रागावू नका. तुमचं स्वतःचं बालपण उलगडून बघणं हा या शिक्षणातला पहिला धडाच आहे, कारण मुलाने ताट भिरकावलं की तुमच्या तोंडून बाहेर पडणारं वाक्य बहुधा तुमच्या वडिलांचं असतं.

पायरी तिसरी : प्रशिक्षण मागून घ्या

जिल्हा बाल संरक्षण कक्षात संस्थाबाह्य काळजीचे संरक्षण अधिकारी आणि समुपदेशक असतात. त्यांना लेखी अर्ज द्या : ‘आम्ही प्रतिपालकत्वासाठी नोंदणी केली आहे. मूल येण्याआधी पुढील विषयांवर मार्गदर्शन मिळावं.’ आणखी दोन-तीन कुटुंबं नोंदलेली असतील तर एकत्र वर्ग मागा. एका जोडप्यासाठी अधिकाऱ्याला शनिवार काढणं जड जातं, चौघांसाठी जमतं. शिवाय त्यातूनच तुमचा पुढचा आधार-गट तयार होतो.

मी स्वतः चार शनिवार, रोज साधारण साडेतीन तास, अशी आखणी करते. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या १२ तासांपेक्षा थोडं जास्तच. आदर्श म्हणून नाही, एवढं तरी व्हावं म्हणून.

पहिला शनिवार कायद्याचा. रटाळ वाटतो, पण यातली तीन कलमं तोंडपाठ हवीत. एक, कलम ७४ : मुलाची ओळख उघड करायची नाही. वाढदिवसाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकून ‘आमच्या घरी आलेली छोटी पाहुणी’ असं लिहिणंही यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन, कलम ७५ : ताब्यातल्या मुलाला मारहाण, छळ, जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन, पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो.

याच दिवशी आणखी एक काम करून घ्या. इंग्लंडमध्ये प्रतिपालकाला कोणते निर्णय स्वतः घेता येतील याची यादी मूल येतानाच ठरते. आपणही तशी यादी करावी. केस कापणं, शाळेची सहल, मित्राच्या घरी मुक्काम, दाताच्या डॉक्टरकडे नेणं, शस्त्रक्रियेची संमती, गावी यात्रेला नेणं, राज्याबाहेरचा प्रवास : यातलं काय तुम्ही ठरवायचं, कुठे आधी फोन करायचा, कुठे समितीची लेखी परवानगी लागेल? संध्याकाळी सात वाजता दवाखान्यात ‘तुम्ही कोण लागता याचे?’ असं विचारलं गेल्यावर हा कागद पिशवीत असणं फार उपयोगी पडतं. समितीच्या आदेशाची प्रतही त्याच्यासोबत ठेवा.

दुसरा शनिवार मुलाच्या वागण्याचा. खरं तर सगळं शिक्षण याच दिवसासाठी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

रुमानियात बुखारेस्ट शहरात २००० साली एक अभ्यास सुरू झाला. अनाथालयांतली १३६ लहान मुलं निवडली. निम्मी प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची आणि जिव्हाळा जोडण्याची वाढ बरीच सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत हा फरक जास्त होता. त्या कुटुंबांना सामाजिक कार्यकर्त्यांची सतत साथ होती, हे विसरू नका. आपल्याकडे प्रतिपालकत्वात येणारं मूल सहसा सहा वर्षांच्या पुढचं असतं. म्हणजे शिकण्याची ती सोपी वर्षं संस्थेत किंवा विस्कटलेल्या घरात निघून गेलेली असतात. म्हणून ‘प्रेम दिलं की सगळं ठीक होतं’ या वाक्यावर विसंबून मूल घरी आणू नका.

मूल घरी आल्यावर पहिले तीन-चार आठवडे फार छान जातात. पानात वाढलेलं संपवतं, सांगितलं की उठतं, पाया पडतं. आजी खूष. पण ते पाहुण्यासारखं वागत असतं. एकदा जरा सुरक्षित वाटायला लागलं की परीक्षा सुरू होते : ही माणसं मला खरंच ठेवणार, की मी वाईट वागलो तर परत धाडणार? मग कप फुटतात, शाळेतून तक्रार येते, पाकिटातले पन्नास रुपये जातात, ‘मला नाही राहायचं इथं’ ऐकू येतं. कुटुंबाला वाटतं मूल बिघडलं. बऱ्याचदा ते पहिल्यांदाच खरं वागायला लागलेलं असतं.

आम्ही वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवतो. एक जण मूल होतो, एक जण पालक. प्रसंग चिठ्ठ्यांवर लिहिलेले असतात. त्यातले काही :

उशीखाली शिळी पोळी सापडली. नेहमीचं उत्तर ‘चोरून कशाला ठेवलीस, मागितली असतीस तर दिली नसती का?’ असं येतं. सोपं आहे, पण मुलाला ते आरोपासारखं लागतं. सराव करायचं वाक्य असं : ‘रात्री भूक लागते का? हा डबा तुझा. यात रोज काहीतरी असेल, विचारायची गरज नाही.’ आणि डबा खरोखर रोज भरायचा. चिक्की, चणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू. महिना-दोन महिन्यांत पोळ्या लपवणं बहुतेक थांबतं. डबा रिकामा सापडला तर सुरुवात पुन्हा पहिल्यापासून.

अंथरूण ओलं झालं, मूल नऊ वर्षांचं. रबरी चादर आधीच घातलेली हवी, बदलायची चादर मुलाच्या हाताला लागेल अशी हवी, आणि सकाळी स्वयंपाकघरात त्याचा उच्चार नको. त्रास चालू राहिला तर डॉक्टरांना दाखवा. दर वेळी कारण मनातच असतं असं नाही.

मूल धडधडीत खोटं बोललं. कप फुटलेला समोर आहे आणि ‘मी नाही’. कबुलीजबाब काढायला बसू नका. ‘कप फुटला. चल, काचा मी उचलते, तू सुपली धर.’ ज्या घरात खरं बोलल्यावर मार बसला, तिथे खोटं बोलणं हीच त्याची शहाणीव होती.

मूल तुम्हाला चिकटतंच किंवा जवळ येऊच देत नाही. आपल्याकडे मुलांचे गाल ओढणं, मांडीवर बसवणं, मुके घेणं यात कोणाला काही वाटत नाही. या मुलाला वाटू शकतं. ‘डोक्यावरून हात फिरवू?’ असं विचारायला शिका. सुरुवातीला स्वतःलाच कृत्रिम वाटतं. तिसऱ्या दिवशी सवय होते.

मग शिस्त कशी लावायची, हा प्रश्न येतोच. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, आईची भेट रद्द करण्याची शिक्षा द्यायची नाही. आणि एक वाक्य घरातून कायमचं हद्दपार : ‘असंच वागलास तर बालगृहात परत पाठवीन.’ गमतीतसुद्धा नको. त्याऐवजी नियम थोडे आणि तेच ठेवा, चुकीचा परिणाम चुकीशी जोडलेला ठेवा. सांडलं तर पुसायचं, मोबाईल वेळेपेक्षा जास्त वापरला तर उद्या तेवढा कमी. आपला पारा चढला की आपणच गॅलरीत जाऊन उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि याचा सराव वर्गात करता येत नाही.

तिसरा शनिवार सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा. येणाऱ्या मुलावर आधी काय गुजरलं हे कागदावर सगळं असतंच असं नाही. म्हणून नियम सगळ्या घराला सारखे : मुलाची स्वतंत्र झोपायची जागा, अंघोळ आणि कपडे बदलणं दार लावून, कोणाच्याही खोलीत ठोठावल्याशिवाय जायचं नाही, रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत. हे मुलाच्या रक्षणासाठी आणि तुमच्याही. मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि लगेच कळवायचं. चाइल्डलाइन १०९८ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा, मुलाच्या नजरेच्या उंचीवर. तुमच्याविरुद्ध तक्रार करायची असली तरी त्याला तो लावता आला पाहिजे.

आरोग्याचं थोडक्यात. लसीकरणाची नोंद नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे नव्याने आखणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डोळे आणि कान आवर्जून तपासा. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला फळ्यावरचं दिसतच नाही, असं मी एकदा नाही, बरेचदा पाहिलंय. भाजलं तर वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. मन फारच बिथरलेलं वाटलं, मुलाचं किंवा तुमचं, तर टेली-मानस १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

चौथ्या शनिवारी मुलाच्या जन्मघराबद्दल बोलतो. याला लोक सगळ्यात कमी तयार असतात. एका सरावात मी मुलाची आई होते. अर्धा तास उशिरा येते, हातात कुरकुऱ्यांची माळ, मुलाला म्हणते ‘लवकरच नेते तुला’. समोरच्या जोडप्याला हे वाक्य खोडून काढायची घाई होते. खोडू नका, वचनही देऊ नका. ‘आईला तुला न्यायचंय. कधी ते समितीतल्या ताई-दादा ठरवतील. तोवर तू इथं आहेस.’ आणि आई आलीच नाही तर? ‘तिला यायला जमलं नाही, तुला वाईट वाटतंय’ एवढंच. तिची बाजू रंगवायची नाही, तिला नावंही ठेवायची नाहीत. भेटीनंतरचे दोन दिवस मूल चिडचिडं असतं. त्या दिवशी पाहुणे बोलावू नका, चाचणी परीक्षेचा अभ्यास घेऊ नका.

पायरी चौथी : घरातल्या बाकीच्यांची शाळा

वर्गाला नवरा-बायको येतात. मूल मात्र सासूबाई, दीर, स्वतःचा सातवीतला मुलगा, कामाला येणाऱ्या मावशी, या सगळ्यांच्या घरात येतं. म्हणून एक बैठक घरी करा, जमल्यास समुपदेशकाला बोलावून.

आजी-आजोबांशी खाण्यावरून आधीच बोला. घर शाकाहारी आणि मुलाला बोंबील आवडतात, तर काय? मुलाचा धर्म, सण, भाषा वेगळी असेल तर काय? बालगृहातून आलेल्या मुलाला सोवळं-ओवळं शिकवायला घेऊ नका. ज्या घराला हे झेपणार नाही त्यांनी अर्जाच्या वेळीच प्रामाणिकपणे सांगावं; मूल येऊन परत जाण्यापेक्षा ते बरं. कुत्सित नातेवाईक ‘कोणाचं रक्त कोण जाणे’ म्हणणारच. त्याला ठरलेलं उत्तर ठेवा : ‘आमच्याकडे राहायला आलाय. बाकी सांगायची परवानगी नाही.’ कायद्याचा धाक इथे कामाला येतो.

स्वतःच्या मुलांना काम द्या, उपकाराचं भाषण देऊ नका. कोणती खेळणी द्यायची आणि कोणती फक्त त्यांचीच हे त्यांना ठरवू द्या. त्यांनाही तक्रार करण्यासाठी आठवड्यातून एकदा आई किंवा बाबा एकटे मिळाले पाहिजेत. दिवाळीला तुमच्या मुलांना नवे कपडे आणि आलेल्या मुलाला त्यांचे जुने, असं होऊ देऊ नका. हे मुलं जन्मभर लक्षात ठेवतात. सख्खी भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत असं कायदाही म्हणतो. पण वेगळी पडली असतील तर राखीपौर्णिमा आणि भाऊबीज या दोन तारखा भेटीसाठी महिनाभर आधीच अधिकाऱ्यांकडून मागून घ्या.

तुम्हाला काय हाक मारायची, हे मुलावर सोडा. काका-काकू, मावशी, नावापुढे ताई, काहीही चालेल. ‘आई’ म्हणायला लावू नका. आपण होऊन म्हणालं तर थांबवूही नका.

पायरी पाचवी : मुलाबद्दलची माहिती आणि पहिल्या भेटी

मूल ठरलं की त्याचा अहवाल वाचायला मागा आणि त्याच्या पलीकडचे प्रश्न विचारा. अंधाराची भीती वाटते का? कशावर झोपायची सवय आहे? कोणतं औषध चालू आहे? बालगृहात जवळचं माणूस कोण, स्वयंपाकाच्या मावशी की चौकीदार काका? त्या माणसाशी फोनवर बोलू देता येईल का? कोणत्या शाळेत होतं, शेवटची इयत्ता कोणती? मुलालाही विचारलं गेलंय का, की त्याला यायचंय?

एका भेटीत मूल घेऊन येऊ नका. आधी बालगृहात तास-दोन तास, मग बागेत, मग एक दिवस घरी, मग मुक्काम. मधल्या काळासाठी एक लहानशी वही तयार करा : घराचा फोटो, जिन्याचा, त्याच्या खाटेचा, कुत्रा असेल तर त्याचा, आणि प्रत्येक माणसाच्या फोटोखाली नाव. मूल रात्री ती बघतं. येताना त्याचे जुने कपडे, मोडकी गाडी, कळकट चादर जे असेल ते येऊ द्या, आणि लगेच धुवायला टाकू नका. तो वासच त्याच्या ओळखीचा असतो.

शाळेत शाळा सोडल्याचा दाखला अडला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ तसं सांगतो, आणि वयाच्या पुराव्याअभावीही प्रवेश नाकारता येत नाही. मुलाची पार्श्वभूमी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, दोघांनाच, गरजेपुरती सांगा. ‘माझे कुटुंब’ या विषयावर निबंध येतो, ‘वंशवृक्ष काढा’ येतं. त्या आठवड्यात आधी फोन करायला वर्गशिक्षकांना सांगून ठेवा.

पायरी सहावी : रोजची नोंद आणि दरमहाची भेट

कलम ४४ प्रमाणे बाल कल्याण समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते, आणि काळजीत कमतरता दिसली तर मूल दुसऱ्या कुटुंबात हलवलं जाऊ शकतं. भेटीला येणाऱ्यांना मुलाशी एकटं बोलू द्या. मूल तक्रार करेल या भीतीने दाराजवळ घुटमळणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत. त्याने संशयच वाढतो.

रोज रात्री चार ओळी लिहा. जेवण, झोप, शाळा, काही वेगळं घडलं का. मत नको, घटना लिहा. ‘आज फार हट्टीपणा केला’ याऐवजी ‘शाळेतून आल्यावर दप्तर फेकलं, ४० मिनिटं खाटेखाली बसला, नंतर दूध प्यायला’. तीन महिन्यांनी या वहीतूनच लक्षात येतं की खाटेखाली बसणं दर सोमवारी होतं, आणि सोमवारी शाळेत अमुक तास असतो. तुमच्यावर कोणी आरोप केला तर हीच वही तुमच्या बाजूने बोलते. कुलूप लावून ठेवा.

थकवा येणार. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या प्रौढाने मूल सांभाळायचं, हे आधीच ठरवून ठेवा, आणि ते माणूस गृहभेटीत अधिकाऱ्यांना दाखवलेलं असू द्या. ऐनवेळी शेजारच्या काकांकडे सोडणं नको. वर्गातली बाकीची कुटुंबं महिन्यातून एकदा भेटा. मुलांची नावं आणि माहिती त्या गटात बोलायची नाही, स्वतःची दमछाक मात्र मोकळेपणाने बोलायची. दर वर्षी पुन्हा एक-दोन दिवस शिकायला मागा, कारण आठ वर्षांच्या मुलासाठी शिकलेलं चौदाव्या वर्षी पुरत नाही. तेव्हा विषय मोबाईल, प्रेम, मासिक पाळी, आणि ‘माझी खरी आई कुठाय’ हे असतात.

पायरी सातवी : निरोप

मूल आईकडे, दत्तक कुटुंबात किंवा दुसरीकडे जाणार असेल, तर तारीख कळल्यावर ती त्याच्यापासून लपवू नका. कॅलेंडरवर खूण करा. त्याच्या आवडीचं जेवण करा, शाळेतल्या मित्रांना निरोप घेऊ द्या, सामान पिशवीत किंवा बोचक्यात नको, चांगल्या बॅगेत भरा. तुम्ही रडलात तर चालतं. तुम्हाला सोडवत नाही म्हणून जाणं आपला गुन्हा आहे, असं त्याला वाटू नये एवढं बघा. पुढे फोन, पत्र, भेट चालेल का, हे समितीला आणि नव्या घराला विचारून घ्या आणि मुलाला खरं तेच सांगा. पुढचं मूल लगेच घेऊ नका. घरातल्या मुलांनाही काही आठवडे लागतात रिकाम्या खाटेची सवय व्हायला.

पहिल्या भेटीला केलेली ती फोटोंची वही या काळात जाडजूड झालेली असते : पडलेला दात, पोहायला शिकल्याचा दिवस, प्रगतिपुस्तक, आईच्या भेटीतले फोटो, कोणत्या वर्षी कोणत्या घरात होतो याच्या नोंदी. ती मुलाबरोबर जाते. तुम्हाला हवी असली तर समितीला विचारून आधीच झेरॉक्स काढून ठेवा.